गुलाबाची भुरी, काळे ठिपके आणि शेंडेमर: सोलापुरात काय चालतं, काय चालत नाही

गच्चीबाग
होटगी रस्त्याला गच्चीवर १४ इंची बारा कुंड्या आहेत. सात कलमी गुलाब, पाच गावठी. काळी माती, शेणखत आणि थोडी वाळू. सप्टेंबरच्या पावसानंतर कलमी झाडांची खालची पानं काळे डाग पडून पिवळी झाली आणि गळाली. ऑक्टोबरात छाटणी केली. आता नव्या फुटीवर पांढरी पावडर दिसते आहे, आणि दोन फांद्या कापलेल्या टोकापासून काळ्या पडत खाली येत आहेत. पाणी बोअरचं.

जालावर खायचा सोडा, दूध, ताक, कडुलिंब, हळद, दालचिनी, सगळंच सापडतं. कशाला काय वापरायचं? घरात लहान मुलं आहेत आणि गावठीच्या पाकळ्यांचा गुलकंद होतो, म्हणून कडक औषध नको आहे.

काळीमाती
तुमच्याकडे एक रोग नाही, तीन आहेत. तिघांचं एकमेकांशी काही जमत नाही, म्हणून एकाच बाटलीत तिघांचा उपाय शोधला की पैसे वाया जातात.

काळे ठिपके: पानाच्या वरच्या बाजूला २ ते १२ मिलिमीटरचे काळे गोल, पण कडा गुळगुळीत नसून झालरीसारखी फाटलेली. भोवती पान पिवळं. सुरुवात नेहमी खालच्या पानांपासून. या बुरशीला ओलं पान लागतं, तेही सलग सात तास तरी. त्याहून कमी वेळ ओलं राहिलं तर बीजाणू रुजतच नाही. आपल्याकडे वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात, आणि तो बहुतेक संध्याकाळी गडगडाट करून येतो. पान रात्रभर ओलं, सकाळी आठला वाळलं, झालं काम. हे बीजाणू वाऱ्याने फारसे उडत नाहीत, पाण्याच्या शिंतोड्यांनी वर चढतात. म्हणून खालून वर.

भुरी: कोवळी पानं, कळीचा देठ, काटेसुद्धा पांढरे. पान वाकडं होतं, खाली तांबूस झाक येते. हिचं उलट आहे. हिला ओलं पान नकोच, पाण्यात हिचे बीजाणू मरतात. रात्री गारवा आणि दमट हवा, दिवसा कोरडं ऊन, हे तिचं आवडतं हवामान. म्हणजे दिवाळीपासून गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर) यात्रेच्या पुढेपर्यंत आपलं सोलापूर. मार्चनंतर पारा ३५ च्या वर गेला की ती आपोआप बसते.

शेंडेमर: कापलेल्या टोकातून शिरणारी बुरशी, लाकूड मारत खाली जाते. पानावरच्या फवाऱ्याने हिला काहीही होत नाही.

सप्टेंबरचा उपाय नोव्हेंबरात करू नका एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

द्राक्षवाला
वर म्हटलंय ते बरोबर. आमच्याकडे नान्नज भागात कुठल्याही बागायतदाराला विचारा, भुरी आणि केवडा (द्राक्षाचा दुसरा बुरशीजन्य रोग) यांना एक औषध कधी मारत नाहीत. गुलाबाची भुरी ही द्राक्षाच्या भुरीची चुलत बहीण, वागणं तेच.

भुरीसाठी साध्यापासून सुरू करा. सकाळी आठ-नऊच्या सुमारास पाण्याचा बारीक पण जोराचा फवारा, पानाच्या दोन्ही बाजूंनी. दुपारपर्यंत पान खडखडीत वाळलं पाहिजे. आठवड्यातून दोनदा. हिवाळ्यात इथे हवा इतकी कोरडी असते की काळ्या ठिपक्याला सात तास ओल मिळतच नाही, त्यामुळे भीती नाही. संध्याकाळी मात्र नको. नुसत्या पाण्याने सुरुवातीची भुरी निम्म्याने तरी हटते.

पुढची पायरी गंधक. ८० टक्के पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी परत. कुठल्याही कृषी सेवा केंद्रात अर्धा किलोचं पाकीट मिळतं, तुम्हाला तीन वर्षं पुरेल. सेंद्रिय शेतीत चालतं.

दोन गोष्टींनी घोळ होतो. एक, पारा ३२ च्या वर असताना गंधक मारलं की पान करपतं. सोलापुरात त्याचा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी, फार तर फेब्रुवारीचा पहिला आठवडा. दोन, कडुलिंबाचं किंवा कुठलंही तेल मारल्यावर निदान दोन आठवडे गंधक नाही, आणि गंधकानंतर तेल नाही. दोन्ही पानावर एकत्र आली की पान भाजल्यासारखं होतं, आणि मग लोक म्हणतात रोग वाढला.

रिठा
सेंद्रियात चालतं म्हणजे पोटात चालतं असं नाही हो द्राक्षवाले. गुलकंदाच्या पाकळ्यांवर गंधक आणि मोरचूद (तांब्याचं निळं क्षार) दोन्ही नको. गावठीवर यातलं काही मारूच नका, त्याला गरजही पडत नाही सहसा.

दुधाबद्दल. हा आजीबाईचा बटवा नाही, यावर नीट काम झालंय. ब्राझीलमध्ये १९९९ साली झुकिनीच्या भुरीवर दूध-पाणी फवारून बघितलं, दहा टक्क्यांच्या आसपास परिणाम चांगला आला. गुलाबालाही तेच प्रमाण चालतं. १०० मिली साय काढलेलं दूध, ९०० मिली पाणी, आठवड्याला एकदा, सकाळी कोवळ्या उन्हात. ऊन लागतंच, ढगाळ दिवशी उपयोग कमी. साय काढायची कारण स्निग्धांश वाळून वास मारतो आणि मुंग्या येतात. दूध जास्त घातलं म्हणून जास्त गुण येत नाही, उलट पानावर काळी काजळी धरते. ताक वापरायचं असेल तर तेच प्रमाण, फक्त ते बिनमिठाचं हवं आणि फडक्यातून गाळून, नाहीतर नोझल बंद पडतो.

दूध भुरीला. काळ्या ठिपक्याला दूध म्हणजे नुसतं दूध वाया.

विचारून_बघतो
मग खायच्या सोड्याचं काय? सगळीकडे तोच सांगतात. लिटरला चमचाभर आणि दोन थेंब साबण. स्वस्त, घरात असतोच.

काळीमाती
सोडा काम करतो, खोटं नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९९२ च्या सुमारास गुलाबावरच प्रयोग झाले होते, भुरी आणि काळे ठिपके दोन्हींवर. पण त्यात सोड्यासोबत फवारणीचं तेल होतं. नुसता सोडा पानावर टिकत नाही. प्रमाण लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचा, आणि ५ ते १० मिली हलकं तेल.

माझी तक्रार सोड्यातल्या सोडियमबद्दल आहे. पावसाळी मुलखात ते धुऊन जातं. आपली माती काळी, चिकणमातीची, पाणी बोअरचं क्षारयुक्त, आणि कुंडीला खाली एकच भोक. सोडियम साठलं की मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, वरून पाणी मुरेनासं होतं, वाळल्यावर दगड. शेतात त्याला चोपण म्हणतात, कुंडीत सहा महिन्यांत चोपण तयार करता येते. दर आठवड्याला सोडा मारणारे नेमके तेच करत असतात.

मारायचाच असेल तर कुंडीच्या मातीवर प्लॅस्टिक अंथरा, ठिबकणारं पाणी बाहेर पडू द्या, आणि हंगामात चारपेक्षा जास्त वेळा नको. त्यापेक्षा पोटॅशियम बायकार्बोनेट आणा, तेच ५ ग्रॅम. ते माती बिघडवत नाही आणि पोटॅश झाडाला लागतंच. किराणा दुकानात मिळणार नाही, ऑनलाइन मिळतं.

रिठा
बोअरच्या पाण्याचा मुद्दा इथे कोणीच काढत नाही म्हणून लिहिते. घरगुती उपाय सोलापुरात फसतात त्याचं अर्धं कारण पाणी.

कडुलिंबाचं तेल घ्या. लिटरला ५ मिली तेल, २ मिली द्रवसाबण. जड पाण्यात साबणाचा फेसच होत नाही, त्याची पांढरी साय होऊन तरंगते. तेल फुटत नाही, थेंब थेंब वर राहतो. पंपातून आधी नुसतं पाणी जातं आणि शेवटच्या कुंडीवर सगळं तेल. मग ती कुंडी करपली की दोष कडुलिंबाला.

मऊ पाणी घ्या. बारा कुंड्यांना एका फवारणीला दोन लिटर पुरे, झाडामागे दीडशे मिली. पावसाचं साठवलेलं, एसीच्या नळीतून ठिबकणारं, किंवा आरओमधलं पिण्याचं. आरओच्या मागच्या नळीने जे फेकलं जातं ते अजिबात नको, सगळे क्षार त्यातच असतात. कूलरच्या टाकीतलंही नको, तिथे पाणी उडून क्षार मागे राहतात.

क्रम असा: कोमट मऊ पाणी अर्धा कप, त्यात साबण किंवा रिठ्याचं पाणी, मग तेल, झाकण लावून दोन मिनिटं जोरात हलवा. दुधासारखं झालं पाहिजे. मग उरलेलं पाणी. रिठ्यासाठी चार फळं रात्री पाव लिटर पाण्यात भिजवून सकाळी चोळून गाळायचं. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवा. फवारणी संध्याकाळी, मधमाश्या गेल्यावर. कडुलिंब भुरीला बऱ्यापैकी, काळ्या ठिपक्याला फारसं नाही.

आणि हो, बोअरचं पाणी पानावर वाळून जे पांढरे डाग पडतात त्यांना भुरी समजून औषध मारणारे खूप. कोरड्या बोटाने पुसा. भुरी पुसली जाते आणि खाली पान तांबूस दिसतं. क्षाराचा डाग बोटाने जात नाही, लिंबाचा थेंब लावला की विरघळतो.

गच्चीबाग
खूपच उपयोगी. पुसून पाहिलं, कोवळ्या फुटीवरची भुरीच आहे. जुन्या पानांवरचे डाग मात्र क्षाराचे निघाले.

दोन शंका. काही कोवळी पानं पिवळी आहेत पण शिरा हिरव्या, हाही रोगच का? आणि काळ्या पडणाऱ्या फांद्यांचं काय करू?

काळीमाती
हिरव्या शिरा आणि पिवळं कोवळं पान, ही बुरशी नाही. लोहाची कमतरता. चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असतं पण मुळांना उचलता येत नाही. हिराकस (लोहाचं साधं क्षार) घातला तर आठवड्यात तोही अडकून बसतो. चिलेटेड लोह आणताना पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघा. ईडीटीए स्वस्त असतं, पण सामू (पीएच) साडेसहाच्या वर गेला की ते जमिनीत टिकत नाही, पानावर फवारायला ठीक. खालची पानं पिवळी आणि त्यावर डाग, तर बुरशी. वरची पिवळी आणि डाग नाही, तर लोह. उन्हाळ्यात पान फिकट, खाली बारीक जाळी, तर लाल कोळी. एवढं बघितल्याशिवाय पंपाला हात लावू नये.

मोरचूद
शेंडेमर माझ्याकडे द्या.

काळी फांदी जिथे संपते तिथे कापायचं नाही. बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. हिरव्या भागात निदान दोन इंच खाली जा, काप बघा. मधला गाभा पांढराशुभ्र हवा. तपकिरी ठिपका जरी दिसला तरी अजून खाली. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून कोंब फुटतो त्या गाठीच्या) वर पाव इंच, उतरता काप. डोळ्यापासून फार वर कापलं की ते खुंट मरतं आणि बुरशीला दार मिळतं, छाटणीनंतरची शेंडेमर बहुतेक याच कारणाने. कात्री बोथट असेल तर लाकूड चेचतं, तेही तसंच. प्रत्येक झाडानंतर पाती स्पिरिटने पुसा.

कापावर बोर्डो पेस्ट. डाळिंबाच्या बागेत जी लावतात तीच, दहा टक्क्यांची. घरापुरतं: १० ग्रॅम मोरचूद ५० मिली पाण्यात रात्रभर भिजत ठेवा, प्लॅस्टिकच्या डब्यात. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं घेतलं तर तांबं भांड्यावर बसतं, द्रावणात उरत नाही. दुसऱ्या डब्यात १० ग्रॅम कळीचा चुना थोडं थोडं पाणी टाकत फोडून ५० मिली करा. लांबून, तो उकळतो, डोळे सांभाळा, मुलं जवळ नकोत. थंड झाल्यावर मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता, ढवळत. आकाशी रंगाचं घट्टसर होईल. ब्रशने कापावर लावा. त्याच दिवशी वापरा, उद्या ते फाटतं.

चाचणी चुकवू नका. घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. तांबूस थर बसला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, चुना वाढवा. थर नाही, मिश्रण ठीक.

विचारून_बघतो
मोरचूद अण्णा, हेच पातळ करून काळ्या ठिपक्यांवर मारलं तर?

मोरचूद
चालतं, पण पेस्ट पातळ करायची नाही, नवीन बनवायचं. अर्धा टक्का, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम मोरचूद आणि ५ ग्रॅम चुना, फडक्यातून गाळून. पावसाच्या आधी, पान सुकायला दोन-तीन तास मिळतील असं बघून. गार ढगाळ हवेत पान ओलं राहिलं तर गुलाबाला तांबं बाधतं, जांभळे ठिपके पडून पानं गळतात. रोग आणि औषध दोन्हींनी पान गळतंय, कुणी गाळलं कळत नाही. शिवाय तांबं मातीत साठतं, कुजत नाही. म्हणून सप्टेंबरात एक, फार तर दोन. तेवढ्यावर भागत नसेल तर चूक पंपात नाही, कुंड्यांच्या मांडणीत आहे.

काळीमाती
नेमकं. काळ्या ठिपक्याला पानाची ओल तोडणं हाच खरा उपाय. पावसाळा लागायच्या आत कुंड्या कठड्यापासून दीड-दोन फूट आत ओढा, कठड्याशी वारा अडतो. दोन कुंड्यांत दोन फूट. खोडाच्या खालची वीतभर पानं काढून टाका. मातीवर उसाच्या पाचटाचं दोन इंच आच्छादन घाला, खोडाभोवती दोन बोटं मोकळं सोडून. शिंतोडा उडालाच तर पाचटावर उडेल. पाणी सकाळी, बुडाशी, पानावर नाही.

डागाचं पान दिसेल त्या दिवशी तोडा, गळालेलं वेचा. खतात टाकू नका, गच्चीवरचा ढीग तेवढा तापत नाही. काळ्या पिशवीत बांधून कचऱ्यात. फांदीवर जांभळट डाग असतील तर बुरशी तिथे दबा धरून बसते, छाटणीत त्या फांद्या आधी काढा. आणि डाग पडलेलं पान कुठल्याही औषधाने परत हिरवं होत नाही. औषध पुढच्या पानासाठी असतं. हे माहीत नसल्यामुळे लोक आठवड्यात तीन औषधं बदलतात.

द्राक्षवाला
जैविकचं कोणी बोललं नाही. बॅसिलस सबटिलिस, लिटरला ५ ग्रॅम किंवा ५ मिली, दर आठ दिवसांनी, संध्याकाळी. रोग यायच्या आधी सुरू केलं तर काळे ठिपके आणि भुरी दोन्हींना बरा आळा बसतो. भुरीसाठी अँपेलोमायसिस नावाची बुरशी मिळते, ती भुरीवरच जगते. पण तिला रात्रीचा दमटपणा लागतो आणि गंधकासोबत ती चालत नाही. दोन्हींतलं एक ठरवा.

ट्रायकोडर्मा लोक पानावर मारतात, त्याची जागा माती. ५० ग्रॅम पावडर, ५ किलो कुजलेलं शेणखत, हाताला ओलसर लागेल इतकं पाणी, ओल्या गोणपाटाखाली सावलीत आठ-दहा दिवस. एक दिवसाआड खालीवर. कुंडीला दोन मुठी. बोर्डो वापरलं असेल तर पंधरा दिवस थांबा. पाकिटावरची तारीख बघून घ्या. उन्हाळाभर पत्र्याच्या दुकानात पडून राहिलेलं पाकीट म्हणजे नुसती पांढरी माती.

विचारून_बघतो
एक सांगा, गावठीला काहीच कसं होत नाही? त्याच गच्चीवर, तेच पाणी.

काळीमाती
कलमीत, त्यातही पिवळ्या-केशरी रंगात, मूळ रंग आला तो रोझा फोएटिडा या पश्चिम आशियातल्या पिवळ्या गुलाबाकडून. फ्रान्समध्ये पेर्ने-दुशे यांनी त्यावरून १९०० साली सोलेय दोर ही जात काढली, पुढच्या पिवळ्या जाती बऱ्याच तिच्या वंशातल्या. तो गुलाब काळ्या ठिपक्याला फार बळी पडतो. रंगाबरोबर तेही आलं. नवीन झाड घेताना ऑक्टोबरात नर्सरीत जा, पाऊस संपल्यावर कुठल्या जातीवर पानं शिल्लक आहेत ते बघून घ्या. जानेवारीत सगळीच सुंदर दिसतात.

युरियाही कमी करा. रसरशीत मऊ फूट म्हणजे भुरीला ताट वाढलेलं.

गच्चीबाग
काप घेतले, दोन्ही फांद्या तीन इंच खाली गेल्यावर गाभा पांढरा मिळाला. पेस्ट केली. कळीचा चुना मिळाला नाही, पानवाल्याकडून चुना आणला, १० ग्रॅमच घेतला. खिळा लाल झाला आहे.

मोरचूद
होणारच. पानाच्या चुन्यात अर्धं पाणी असतं, १० ग्रॅम मोजला तर चुना भरला ४-५ ग्रॅम. अजून १० ग्रॅम घाला, नीट ढवळा, पाच मिनिटांनी परत बघा. नवा खिळा घ्या हं, तो लाल झालेला पुन्हा बुडवला तर काहीच कळणार नाही.